भाचा दोन मिनिटांत का उठला?

प्रश्न : आम्ही तिघं मित्र मिळून तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी मराठी ॲनिमेशन मालिका करतोय. पहिला भाग ११ मिनिटांचा झालाय. हत्तीचं पिल्लू आठवडी बाजारात आईची छत्री हरवतं आणि पाच मित्रांना घेऊन ती शोधतं. रंग झकास आहेत, तीन गाणी आहेत, बाजाराच्या पार्श्वभूमीवर आम्ही दोन महिने घालवलेत, शेवटी ‘वस्तू जपून ठेवाव्यात’ असा बोधही आहे. साडेतीन वर्षांच्या भाच्याला दाखवला, तर दुसऱ्या मिनिटाला छत्री कशी हरवली तो फ्लॅशबॅक सुरू झाला आणि हा उठून आपली गाडी खेळत बसला. परदेशी मालिकांचे तेच ते भाग मात्र रोज बघतो. या वयाच्या मुलांना नेमकं आवडतं तरी काय?

उत्तर : आधी भाच्याला एक लाडू द्या. ‘छान झालंय हं’ म्हणणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. उठून जाऊन नेमकी चुकलेली जागा दाखवणारा परीक्षक फुकटात मिळत नाही. आणि त्याने जागा अगदी बरोबर दाखवली आहे.

मी २१ वर्षं या कामात आहे. सुरुवात मुंबईतल्या एका स्टुडिओत स्टोरीबोर्डवर, म्हणजे दृश्यांची कच्ची चित्रं क्रमाने मांडण्याच्या कामावर झाली. बाहेरच्या मालिकांचं काम यायचं, पटकथा त्यांची आणि चित्रं आमची. मग लिहायला लागले, आता दिग्दर्शनही करते. पहिली सहा-सात वर्षं माझीही समजूत हीच होती की भडक रंग, गाणी आणि धावपळ असली की पोरं बसतात. पण पोरं म्हणजे दिव्यावर येणारी पाखरं नव्हेत. मूल बघत राहतं ते त्याला कळतंय म्हणून. कळेनासं झालं की त्याला राग येत नाही, कंटाळा आल्याचं ते सांगत नाही, ते नुसतं उठतं.

हे माझं एकटीचं मत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डॅनियल अँडरसन आणि एलिझाबेथ लॉर्च यांनी १९७९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पाच वर्षांच्या मुलांचे दोन गट, दोघांनाही ‘सेसमी स्ट्रीट’ हा माणसं आणि बाहुल्या असलेला लहान मुलांचा कार्यक्रम. एका खोलीत नुसता टीव्ही, दुसरीत टीव्ही आणि भरपूर खेळणी. खेळणी नव्हती त्या मुलांची नजर ८७ टक्के वेळ पडद्यावर होती, खेळणी असलेल्यांची त्याहून बरीच कमी. म्हणजे जवळजवळ निम्मी. पण नंतर प्रश्न विचारले तेव्हा दोन्ही गटांना सारखंच समजलेलं होतं. खेळणारी मुलं कान टीव्हीकडे ठेवून होती आणि कामाचं काही आलं की मान वर करत होती. स्वयंपाक करता करता मालिका ‘बघणाऱ्या’ आपल्या आया करतात तेच. दोन वर्षांनी याच मंडळींनी त्या कार्यक्रमाचे काही तुकडे मुद्दाम बिघडवले: कुठे दृश्यांचा क्रम उलटापालटा केला, कुठे बोलणं ग्रीक भाषेत घातलं, कुठे संवाद उलटे वाजवले. रंग तेच, बाहुल्या त्याच, हालचाल तीच. तरी मुलांची नजर पडद्यावरून उतरली.

आता तुमच्या फ्लॅशबॅककडे या. छत्री हरवली, पिल्लू रडतंय, इथवर भाचा तुमच्याबरोबर होता. मग पडद्याच्या कडा धूसर झाल्या आणि पिल्लाच्या सोंडेत छत्री दिसली. आपल्याला कळतं की ही मघाची गोष्ट. साडेतीन वर्षांच्या मुलाला धूसर कडेचा अर्थ कोणी शिकवलेला नाही. त्याच्या हिशेबाने छत्री सापडली, गोष्ट संपली. मग परत सगळे रडायला लागले. अशा वेड्या लोकांबरोबर कोण बसेल? त्यापेक्षा गाडी बरी.

या वयासाठी गोष्ट सरळ रेषेत चालली पाहिजे. आधीचं आधी, नंतरचं नंतर, आणि एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना मधली वाट थोडी तरी दिसली पाहिजे. पिल्लू घराच्या दारातून निघालं आणि पुढच्या शॉटमध्ये बाजारात उभं असलं, तर मोठ्यांना चालतं. लहानांसाठी मी मध्ये तीन सेकंद रस्ता दाखवते. निर्माते म्हणतात, हे तीन सेकंद फुकट गेले. मी म्हणते, त्या तीन सेकंदांत मूल घरातून बाजारात जातं.

दुसरी एक खाच अशी आहे की ती पटकथा लिहिताना दिसतच नाही. तुमच्या गोष्टीत बहुधा असा विनोद असेल की छत्री पिल्लाच्या पाठीलाच अडकली आहे आणि ते जगभर शोधतंय. पाच वर्षांचं मूल यावर पोट धरून हसेल. तीन वर्षांचं बावचळेल. ऑस्ट्रियातले हाइन्झ विमर आणि योझेफ पर्नर यांनी १९८३ मध्ये मुलांना एक गोष्ट सांगितली: माक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, परत आल्यावर माक्सी कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सांगतात, जिथे आता चॉकलेट आहे तिथे. मला माहीत आहे ते त्यालाही माहीत असणारच, अशी त्यांची समजूत. चार-पाचच्या दरम्यान हे चित्र पालटतं. म्हणजे ‘तीन ते पाच’ हा एक वयोगट आहे असं आपण अर्जात लिहितो खरं, पण त्यात दोन वेगवेगळे प्रेक्षक बसलेले असतात.

दोघांनाही पुरेल असा उपाय आहे: मुलाला सांगायला लावा. पिल्लाने पडद्यातून सरळ त्याच्याकडे बघून विचारावं, ‘माझी छत्री दिसली का कुणाला?’ आणि गप्प बसावं. हे तंत्र अमेरिकेत ‘ब्लूज क्लूज’ने सर्वांत चोख वापरलं. मालिका १९९६ साली सुरू झाली. चित्रातल्या घरात एक खराखुरा तरुण, स्टीव्ह, आणि ब्लू नावाचं कुत्र्याचं पिल्लू. स्टीव्ह प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट बघत थांबायचा. सुरुवातीला वाहिनीवर एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवत. मोठ्यांना हा वेडेपणा वाटला असता. मुलांवर अभ्यास झाला तेव्हा दिसलं की पाचही दिवस लक्ष जवळजवळ तेवढंच टिकतं आणि ओरडून उत्तर देणं मात्र दिवसागणिक वाढत जातं. पहिल्या दिवशी मूल समजून घेण्यात गुंतलेलं असतं. पाचव्या दिवशी त्याला सगळं येत असतं आणि ते स्टीव्हच्या आधी बोलतं. तुमचा भाचा तेच ते भाग का बघतो, याचं उत्तर इथे आहे. पुढे काय होणार ते माहीत असणं हीच त्याची मजा आहे. त्याच्या दिवसात असं फार थोडं असतं जे त्याला मोठ्यांइतकं पक्कं माहीत आहे.

खरं तर हे शिकायला परदेशी जायची गरज नव्हती. चिऊताईच्या दारात भिजत उभा राहिलेला कावळा आठवा. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ ‘थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते.’ मग पुसते, मग पावडर, मग काजळ, मग तीट. एकच ओळ, एकच दार, प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलते, आणि आजी ‘थांब, माझ्या बाळाला...’ म्हणून थांबली की पुढचं मूल म्हणतं. आजीने एखादा टप्पा गाळला तर ते तिला मागे आणतं. शेणाचं घर आणि मेणाचं घर एका वाक्यात उभं राहतं, फ्लॅशबॅक नाही, पात्रं दोन. पटकथा शिकवायची तर मी हीच शिकवीन.

थांबण्याबद्दल मात्र एक सावधगिरी. तो थांबा खरा असावा लागतो. दीड सेकंदात उत्तर येत नाही. मूल प्रश्न ऐकतं, पडद्यावर शोधतं, तोंड उघडतं, याला चार सेकंद तरी लागतात. आमच्या एका मालिकेत वाहिनीकडून लेखी सूचना आली होती की ‘संवादातल्या रिकाम्या जागा काढाव्यात, प्रेक्षक चॅनेल बदलतो’. काढल्या. त्यानंतर आमचा ससा प्रश्न विचारायचा आणि स्वतःच उत्तर देऊन टाकायचा. मुलं एक-दोनदा बोलायला गेली, मग त्यांनी नाद सोडला. प्रश्न विचारून न ऐकणारी माणसं त्यांना घरीही भेटतात.

आता तुमच्या बाजाराबद्दल. दोन महिने घालवलेत, म्हणून जपून बोलते. बाजार सुंदर असेल, पण साडेतीन वर्षांच्या डोळ्याला कुठे बघायचं ते कळलं का? ‘पेप्पा पिग’ बघा. ब्रिटनमध्ये २००४ साली आली, भाग पाच मिनिटांचा. हिरवी टेकडी, टेकडीवर एक घर, बस्स. डुकरांचे चेहरे बाजूने काढलेले आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला, मुलं काढतात तसे. निवेदक दिसतंय तेच साध्या वाक्यात सांगतो. आणि शेवटी बहुतेक वेळा सगळी मंडळी पाठीवर पडून हसतात. चित्रकार मित्र तिला नाकं मुरडतात. मला तिच्याइतकी शिस्तीची फ्रेम क्वचित दिसते. स्पेनची ‘पोकोयो’ तर त्याहून पुढे गेली. तिथे मागे पांढरं, फक्त पांढरं. निळ्या कपड्यांतला मुलगा आणि त्याचे दोस्त एवढंच बघायचं. तुमचा बाजार पुसा असं म्हणत नाही. पण मागच्या दुकानांचे रंग उतरवा, हलणारी माणसं थांबवा, आणि अख्ख्या भागात लाल रंग फक्त छत्रीला ठेवा.

तसंच पात्रांचं. सहा जण म्हणजे फार झाले. तीन ठेवा. सगळी काळी करून छाया बघा. कोण कोण ते नुसत्या आकारावरून ओळखू आलं पाहिजे. एक उंच, एक गोल, एक चिमुकलं.

वेगाबद्दल लोक फार ठामपणे बोलतात, मी जरा कमी ठाम आहे. २०११ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांचा एक अभ्यास आला. चार वर्षांची ६० मुलं. काहींनी नऊ मिनिटं झपाट्याने दृश्यं बदलणारं कार्टून बघितलं, काहींनी संथ कार्यक्रम, काहींनी चित्रं काढली. लगेच नंतर घेतलेल्या छोट्या चाचण्यांत, म्हणजे स्वतःला आवरणं, सूचना लक्षात ठेवणं अशा गोष्टींत, झपाट्याचं कार्टून बघितलेली मुलं मागे पडली. पण त्या कार्टूनमध्ये वेगाबरोबर अशक्य गोष्टींचाही भडिमार होता, त्यामुळे दोष एकट्या वेगाला देता येत नाही, आणि नऊ मिनिटांनी कोणाचं आयुष्य बिघडत नाही. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की वेगाने डोळा खिळतो, पण मूल गोष्टीत असेलच असं नाही. आपल्याला डोळा नको, मूल हवंय.

आणि मूल गोष्टीत येतं ते गोष्ट त्याच्या मापाची असली तर. इथे ऑस्ट्रेलियातल्या ‘ब्लुई’बद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ब्रिस्बेनच्या लुडो स्टुडिओची, जो ब्रम यांची ही मालिका २०१८ साली सुरू झाली. निळ्या-तांबूस कुत्र्यांचं चौघांचं कुटुंब, आईबाप आणि दोन बहिणी; भाग सुमारे सात मिनिटांचा. एका भागात घरी एकच फुगा उरलाय आणि तो जमिनीला टेकू द्यायचा नाही. एवढीच गोष्ट! नियम एका वाक्यात, धोका प्रत्येक सेकंदाला, आणि भाग संपल्यावर घरात फुगा असेल तर मूल तोच खेळ मांडतं. तुमच्या सहा पात्रांच्या शोधमोहिमेपेक्षा हा फुगा जड आहे. दोन्ही बहिणींचे आवाज खऱ्या मुलांचे आहेत, त्यांची नावंही जाहीर केलेली नाहीत. त्या आवाजात धाप लागते, शब्द अडखळतो, आणि ऐकणारं मूल लगेच ओळखतं की ही आपल्यातली आहे. आपल्याकडे डबिंगमध्ये मोठी बाई पोराचा आवाज काढते. कसबी कलाकार असतात, मी त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलंय, तरीही एकदा खऱ्या मुलांना स्टुडिओत आणून बघा. दिवस वाया जाईल, पण तीन वाक्यं सोन्यासारखी मिळतील.

‘ब्लुई’चं दुसरं बळ म्हणजे आईबाप. रिमोट त्यांच्या हातात असतो. त्यांना सोबत बसावंसं वाटलं पाहिजे, पण मुलाच्या डोक्यावरून विनोद मारून नव्हे. तिथला बाप स्वतः खेळतो, दमतो, कधी टाळाटाळ करतो. मूल बापाला हसतं आणि बाप स्वतःला. फक्त कृपा करून आता निळी कुत्री काढू नका. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या निम्म्या प्रस्तावांत चौकोनी कुटुंब, खेळकर बाबा आणि अंगण आहे. आपल्याकडे अंगणाऐवजी जिना आहे, लिफ्टचा आरसा आहे, कुकरच्या शिट्ट्या आहेत, दुपारी झोपलेली आजी आहे जिला उठवायचं नाही. हा शेवटचा तर अख्खा भाग आहे, तुम्हाला देऊन टाकला.

आपल्याकडचं एक उदाहरण जरूर बघा. ‘छोटा भीम’ शाळकरी पोरांचा. पण त्यातला भीम रांगत्या वयाचा करून २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘मायटी लिटल भीम’ आली, आणि तिच्यात संवादच नाहीत. बाळ, लाडू, मांजर, शिंकाळं. कोणत्याही देशातल्या मुलाला कळतं. तुमचा भाग एकदा आवाज बंद करून बघा. जिथे तुम्हाला स्वतःलाच काय चाललंय ते सांगावं लागेल, तिथे चित्र कमी पडलंय.

मग आवाज चालू करा आणि डोळे मिटून ऐका. अँडरसन यांच्या अभ्यासात आणखी एक गंमत सापडली होती: मुलांचे आणि बायकांचे आवाज, चमत्कारिक आवाज, आवाजात अचानक बदल, यांनी खेळणाऱ्या मुलाची मान वर होते, मोठ्या पुरुषाच्या आवाजाने बहुधा उलट होतं. हे आपलं नाही, मोठ्यांचं काही चाललंय, असं मूल धरून चालतं. पेप्पाचा निवेदक पुरुषच आहे आणि तरी चालतो, कारण तो भाषण करत नाही. तुमच्या निवेदकाचा आवाज बातम्यांसारखा भारदस्त असेल तर बदला. भाषेचं म्हणाल तर भाषांतराची मराठी टाळा. ‘मी खूप दिलगीर आहे’ असं हत्तीचं पिल्लू म्हणत नाही, ‘सॉरी ना’ म्हणतं. आपल्याकडे टुणकन, धपकन, भुर्रकन, गुपचूप असा खजिना आहे जो चित्राबरोबर उडी मारतो; तो वापरायचा सोडून आपण विशेषणं घालतो. गाण्यांपैकी दोन काढा. उरलेलं वीस सेकंदांचं असू दे, आणि ते तीनदा येऊ दे.

आता बोध. तोही काढा, निदान शेवटचं वाक्य तरी. २००८ साली मेरी-लुईज मेअर्स यांनी एका लोकप्रिय मालिकेचा भाग बालवाडीच्या वयाच्या मुलांना दाखवला. त्यात तीन पायांच्या कुत्र्याला बाकीचे आधी घाबरतात आणि मग स्वीकारतात. वेगळं असणाऱ्यांना सामावून घ्या, हा धडा. पुष्कळ मुलांनी घेतला तो असा की तीन पायांच्या कुत्र्यांशी नीट वागावं. ‘सेसमी स्ट्रीट’सारख्या जाणत्या मंडळींचंही १९९२ मध्ये असंच झालं. घटस्फोटावर त्यांनी अख्खा भाग बनवला, मुलांना दाखवून तपासला, तर मुलांनी अर्थ काढला की आईबाबा भांडले की वेगळे होतात. तो भाग त्यांनी प्रसारितच केला नाही. केवढा पैसा गेला असेल, पण ठेवून दिला. मूल गोष्टीतून बोध घेत नाही, गोष्टीत जे जास्त वेळ दिसलं ते घेतं. तुमच्या भागात नऊ मिनिटं छत्री हरवलेली आहे. भाचा बहुधा एवढंच शिकेल की बाजारात गेलं की छत्र्या हरवतात.

तपासायची पद्धत सांगून थांबते. ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू होण्याआधी एडवर्ड पामर यांनी टीव्हीशेजारी स्लाइडचा प्रोजेक्टर लावला होता. दर साडेसात सेकंदांनी नवं चित्र. मूल टीव्हीवरून त्या चित्राकडे कधी वळतं, एवढंच ते टिपत बसायचे. याच चाचण्यांत त्यांना दिसलं की नुसती माणसं असलेल्या रस्त्यावरच्या दृश्यांना मुलं सोडून देतात. म्हणून १९६९ मध्ये कार्यक्रम आला तेव्हा बिग बर्ड नावाचा भलामोठा पक्षी-बाहुला त्या रस्त्यावर उतरलेला होता. मी हे एका बालवाडीत दोन मोबाइल आणि वहीवर करते. पूर्ण ॲनिमेशन होण्याआधी, नुसत्या ॲनिमॅटिकवर, म्हणजे आवाजाबरोबर जोडलेल्या कच्च्या चित्रांवर. एकदा पावसाचा एक लांबलचक शॉट होता, आमच्या टीमचा जीव होता त्यावर. १६ पैकी १४ मुलं दाराकडे बघत होती. मग गोष्टीत कुकरची शिट्टी झाली आणि सगळ्या माना एकदम पडद्याकडे वळल्या. शॉट गेला, शिट्ट्या तीन झाल्या.

तर छत्रीची गोष्ट पुन्हा मांडा. सहा-सात मिनिटं, तीन पात्रं, तीन जागा, प्रत्येक जागी तोच प्रश्न आणि चार सेकंदांचा थांबा. लाल टोक कोपऱ्यात दिसू द्या. मग भाच्याऐवजी त्याच्या वयाचं दुसरं एखादं मूल शोधा, कारण भाच्याला आता गोष्ट माहीत आहे आणि तो मामासाठी बसूनही राहील. तुम्ही पडद्याकडे पाठ करून मुलाकडे तोंड करून बसा. आणि त्याच्या हातात गाडी असेल तर ती काढून घेऊ नका.